गुलाबाचे कूळ आणि दख्खनचे ऋतू

रोपवाटिकेतून हौसेने आणलेला कलमी गुलाब पहिल्या हंगामात दोन-तीन डौलदार फुले देतो, पुढच्या पावसाळ्यात त्याची पाने पिवळी पडून गळतात, आणि आणखी वर्षभराने त्या कुंडीत एक तर काळवंडलेल्या चार काड्या उरतात, नाही तर भलत्याच जातीचे, फुलांवाचूनचे काटेरी झुडूप माजलेले दिसते, हा अनुभव महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचा आहे. त्यावरून, गुलाब हे माळी बाळगणाऱ्या श्रीमंतांचे झाड असून सामान्य गृहस्थाने त्याच्या वाटेस जाऊ नये, असा ग्रह आपल्याकडे दृढ झाला आहे. तो सर्वथा निराधार आहे. ज्या गुलाबाला उद्यानशास्त्रात हायब्रिड टी म्हणतात आणि ज्याला आपण व्यवहारात नुसते कलमी गुलाब म्हणून ओळखतो, त्याला द्रव्याची अपेक्षा थोडी आणि वेळेवर केलेल्या कामाची अपेक्षा फार असते. आणि ती कामे कोणती व ती कधी करावयाची हे उमगण्यासाठी त्या झाडाचे कूळ आणि आपल्या मुलखाचे ऋतू या दोन गोष्टींचा नीट परिचय करून घेतला, की बाकीचे सारे सुलभ होते.

प्रथम या फुलाचे लक्षण पाहू. देशी गुलाबाची फुले झुपक्यांनी येतात, ती पसरट व ठिसूळ असतात, आणि त्यांची खरी जागा हारात, परडीत किंवा गुलकंदाच्या बरणीत असते. फ्लोरिबंडा वर्गातील गुलाब एकाच दांड्यावर अनेक फुले देऊन वाफा रंगाने भरून टाकतात. हायब्रिड टी गुलाबाची रीत याहून निराळी आहे. त्याची फांदी सरळ व लांब वाढते, तिच्या टोकाशी बहुधा एकच कळी असते, आणि ती कळी उमलू लागली म्हणजे पाकळ्या मध्यबिंदूभोवती वळसे घेत एकेक करून बाहेर झुकतात, पण मधला भाग मात्र उंच, घट्ट आणि सुळकेदार राहतो. हा उंच मध्य आणि ही पाकळ्यांची सर्पिल रचना हेच या कुळाचे वैभव होय. साधारणपणे पंचवीस ते पन्नास पाकळ्यांचे हे फूल एका वेळी फार संख्येने येत नाही. त्याने वाफा भरत नाही, परंतु एका फुलाने खोलीतले सारे लक्ष वेधून घेण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी असते.

हे झाड निसर्गात कोठेही आपोआप उगवलेले नाही. ते पौर्वात्य आणि पाश्चात्त्य गुलाबांच्या संकरातून मनुष्याच्या हाताखाली घडले. युरोपातील जुने गुलाब सुगंधी व काटक होते, थंडी सोसणारे होते, पण त्यांतील बहुतेकांना वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी बहर येई. चीनमध्ये मात्र शतकानुशतके जोपासलेले गुलाब असे होते की, हवामान अनुकूल असेतोवर त्यांची नवी फांदी कळी घेऊनच येत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे चिनी गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात पोचू लागले, आणि त्या लांबच्या प्रवासात कलकत्त्याचे वनस्पती उद्यान हा त्यांचा एक महत्त्वाचा टप्पा होता, ही गोष्ट भारतीय वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. 1792 ते 1824 या काळात इंग्लंडात पोचलेल्या चार चिनी गुलाबांनी पाश्चात्त्य गुलाबांचा सारा इतिहास पालटला. त्यांतील दोन गुलाबांना चहाच्या ताज्या पानांची आठवण करून देणारा मंद दरवळ होता, म्हणून त्यांच्या वंशजांना टी गुलाब म्हणू लागले. हे टी गुलाब नाजूक, लांबट कळीचे आणि पुनःपुन्हा बहरणारे होते, परंतु थंडीपुढे त्यांचा टिकाव लागत नसे. त्यांचा युरोपातल्या दणकट गुलाबांशी जो संकर झाला, त्या संकराची संतती म्हणजे हायब्रिड टी.

या वर्गाचा आरंभ 1867 साली फ्रान्समधील ल्यों शहरच्या गीयो नावाच्या रोपवाटिकाकाराने प्रसिद्ध केलेल्या ‘ला फ्रान्स’ या रुपेरी गुलाबी फुलापासून धरण्याचा प्रघात आहे. तो योगायोगाने हाती लागलेला अंकुर होता, आणि त्याचे आईबाप कोण हे खुद्द त्याच्या कर्त्यालाही निश्चित सांगता येत नव्हते. संकराचे हे काम नशिबाच्या हवाली न ठेवता ते हेतुपुरस्सर व हिशेबाने करता येते हे दाखवून देण्याचा मान मात्र इंग्लंडातील विल्टशायर परगण्याच्या हेन्री बेनेट या शेतकऱ्याकडे जातो. गुरांची पैदास करताना वळू आणि गाय यांची निवड जशी जाणीवपूर्वक केली जाते, तशीच गुलाबांचीही करता येईल, असे त्याला वाटले. त्याप्रमाणे त्याने काचगृहात निवडक संकर केले आणि 1879 साली आपले दहा ‘सवंशावळ’ गुलाब लोकांपुढे मांडले. त्यापुढची मोठी मजल ल्योंच्याच पेर्ने-द्यूशे याने मारली. तोवर या वर्गात गुलाबी, तांबडा व पांढरा हेच रंग प्राधान्याने होते. गडद पिवळा रंग नव्हता. तो आणण्यासाठी त्याने इराणी पिवळ्या गुलाबाशी वर्षानुवर्षे संकर चालविले, आणि अखेर 1900 साली ‘सोलेय दॉर’ हा सोनेरी-नारिंगी गुलाब बाजारात आणला. आज आपल्या बागेत जो जो पिवळा, केशरी, जर्दाळूच्या रंगाचा किंवा दुरंगी हायब्रिड टी दिसतो, त्याच्या रंगाचे मूळ बहुतेक या एका प्रयत्नाशी जाऊन पोचते.

विसाव्या शतकातला सर्वांत कीर्तिमान गुलाबही फ्रान्समध्येच जन्मला. फ्रान्सिस मेयाँ या तरुण संकरकाराने 1935 साली केलेल्या संकरातून एक रोप निघाले, त्याचे फूल फिकट पिवळे, मोठे, पाकळ्यांच्या कडांना गुलाबी झाक असलेले, आणि पाने काळसर हिरवी, तकतकीत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडाशी त्याच्या डोळकाड्या निरनिराळ्या देशांत रवाना झाल्या, आणि युद्धामुळे परस्परांचा पत्रव्यवहार तुटल्याने त्या एकाच गुलाबाला देशोदेशी वेगवेगळी नावे पडली. फ्रान्समध्ये तो संकरकाराच्या मातेच्या नावाने ‘मादाम आ. मेयाँ’ झाला, जर्मनीत ‘ग्लोरिया देई’, इटलीत ‘जोया’, आणि अमेरिकेत, 1945 च्या एप्रिल महिन्यात, युरोपातले युद्ध संपण्याच्या बेतात असताना, त्याचे नामकरण ‘पीस’ असे झाले. त्याच सुमारास सान फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची घटना तयार करण्यासाठी जमलेल्या प्रतिनिधींना या गुलाबाचे एकेक फूल शांततेच्या शुभेच्छेसह देण्यात आले होते. त्यानंतरच्या असंख्य गुलाबांच्या वंशावळीत ‘पीस’चे नाव आढळते.

हा इतिहास केवळ मनोरंजनासाठी सांगितला नाही. चिनी पूर्वजांकडून या झाडाला अखंड फुलण्याचा गुण मिळाला. पण जे झाड वारंवार फुलते, त्याची भूकही वारंवार लागणारी असते, आणि म्हणून वर्षातून एकदा खत टाकून निश्चिंत होण्याची जी वहिवाट आपण जास्वंदीच्या किंवा मोगऱ्याच्या बाबतीत पाळतो, ती येथे चालत नाही. टी गुलाबाकडून याला डौल व लांब कळी मिळाली, पण त्याबरोबर मुळांशी साचलेले पाणी न सोसण्याचा हळवेपणाही मिळाला. इराणी गुलाबाने सोनेरी रंग दिला. पण तो गुलाब कोरड्या प्रदेशाचा रहिवासी असल्यामुळे पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाशी झुंजण्याची शक्ती त्याच्यात नव्हती, आणि तो दुबळेपणाही रंगाबरोबरच वारशाने उतरला. पिवळ्या व केशरी जातींची पाने पावसाळ्यात आधी का गळतात, याचे उत्तर या वंशावळीत मोठ्या अंशाने सापडते. झाडाचे दोष म्हणून आपण ज्यांना नावे ठेवतो, ते त्याच्या गुणांचेच सहोदर आहेत, आणि हे ओळखून जो त्यांचा बंदोबस्त वेळीच करतो त्याला गुणांचा लाभ पुरेपूर मिळतो.

भारतात या गुलाबाला आपले रूप देणाऱ्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव अग्रभागी आहे. 1906 साली पंजाबात जन्मलेले, ब्रह्मदेशात वाढलेले आणि केंब्रिजला शिकलेले हे शास्त्रज्ञ मूळचे गव्हाचे संशोधक. तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जातींसाठी त्यांची कीर्ती झाली आणि 1965 साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. पण गव्हाइतकेच त्यांचे चित्त गुलाबात गुंतलेले होते. युरोपच्या हवेत निवडलेल्या जाती आपल्या उन्हात फिकटतात व लवकर उलगडतात, हे पाहून त्यांनी भारतीय हवामानात टिकणारे गुलाब निर्माण करण्याचा उद्योग आरंभिला, त्याविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि अनेक नव्या जाती दिल्या. त्यांतील ‘डॉ. होमी भाभा’ हा शुभ्र गुलाब एका शास्त्रज्ञाने दुसऱ्या शास्त्रज्ञास वाहिलेली आदरांजली होय. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतून पुढे आलेल्या ‘मृणालिनी’सारख्या जाती आजही हौशी लोकांच्या बागांत मानाने नांदत आहेत.

आता आपल्या मुलखाकडे वळू. गुलाबाविषयीची बहुतेक पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली गेली. तेथे हिवाळ्यात झाड बर्फाखाली निजते, वसंतात छाटणी होते आणि उन्हाळा हा फुलांचा हंगाम असतो. ते वेळापत्रक पुण्याच्या किंवा नाशिकच्या अंगणात जसेच्या तसे लागू केले, तर मार्च महिन्यात छाटलेल्या झाडाची कोवळी फूट एप्रिलच्या उन्हात करपते, आणि दोष झाडाच्या माथी येतो. दख्खनच्या पठारावर गुलाबाचा वसंत ऋतू पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे दिवसा निरभ्र ऊन आणि रात्री सुखद गारवा असतो. उन्हात पाने अन्न तयार करतात, आणि थंड रात्री पाकळी सावकाश वाढत असल्यामुळे फूल मोठे, जाड पाकळीचे, गडद रंगाचे आणि टिकाऊ होते. युरोपातील गुलाबप्रेमींना असे महिने क्वचित मिळतात. कोकणपट्टीत व मुंबईत हवा दमट आणि रात्री उबदार असल्याने हीच जात तेथे लहान व लवकर उमलणारी फुले देते. तेथील रहिवाशांनी डिसेंबर-जानेवारीच्या थोड्या मुदतीवर भिस्त ठेवावी आणि काटक जातीच निवडाव्यात. विदर्भात हिवाळा उत्तम असतो, पण उन्हाळा कडक. तेथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या सावलीची तजवीज केल्यावाचून गत्यंतर नाही.

जागेविषयी एकच सक्त नियम आहे: दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे, आणि ते शक्यतो सकाळचे असावे, कारण सकाळच्या उन्हाने पानांवरील दव लवकर सुकते आणि रोगाला थारा राहत नाही. मोठ्या झाडाच्या सावलीत किंवा त्याच्या मुळांच्या टापूत गुलाब लावू नये. मातीचा प्रश्न आपल्याकडे जरा बिकट आहे. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, तीत चुन्याचा अंश अधिक असतो, आणि गुलाबाला तर किंचित आम्लधर्मी, भुसभुशीत, पाण्याचा निचरा करणारी जमीन हवी असते. म्हणून दीड-दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तळाशी विटांचे तुकडे घालावेत, आणि निम्मी तांबडी पोयट्याची माती, तिसरा हिस्सा मुरलेले शेणखत व उरलेला भाग जाड वाळू अशा मिश्रणात दोन मुठी निंबोळी पेंड व मूठभर हाडांचा चुरा मिसळून तो भरावा. दोन झाडांमध्ये दोन ते अडीच फूट अंतर ठेवावे, म्हणजे वारा खेळता राहील. ज्यांच्याजवळ अंगण नाही त्यांनी गच्चीवर किंवा उन्हाच्या सज्जात बारा ते चौदा इंची कुंडीत हेच मिश्रण वापरावे. मात्र कुंडीतली अर्धी माती वर्षा-दोन वर्षांनी बदलण्याची दक्षता घ्यावी.

रोप विकत घेताना नजर फुलावर न ठेवता बुंध्यावर ठेवावी. कलमी गुलाब म्हणजे रानटी, काटक गुलाबाच्या खुंटावर इष्ट जातीचा एक डोळा भरून वाढविलेले झाड. जेथे डोळा भरलेला असतो तेथे बुंध्याला गाठीसारखा फुगवटा दिसतो; ती जागा ठणठणीत असावी आणि तिच्यावरून निदान दोन-तीन जोमदार फांद्या निघालेल्या असाव्यात. लावताना हा फुगवटा जमिनीच्या वर इंच-दोन इंच राहील असा बेत करावा. त्या फुगवट्याच्या खालून, म्हणजे खुंटातून, जी फूट येईल ती रानफूट समजावी. तिची पाने लहान व बहुधा अधिक पर्णिकांची असतात. पण पर्णिका मोजत बसण्यापेक्षा ती कोठून निघाली आहे हे माती बाजूला करून पाहणे हीच निश्चित परीक्षा होय. ही रानफूट नुसती कापून भागत नाही. ती मुळाशी पकडून ओरबाडून काढावी लागते, अन्यथा ती दुप्पट जोमाने उगवते आणि एक-दोन वर्षांत मूळ जातीला उपाशी मारते. आरंभी उल्लेखिलेल्या फुलांवाचूनच्या काटेरी झुडपाचे रहस्य हेच आहे.

वर्षातले मुख्य काम म्हणजे ऑक्टोबरची छाटणी. पाऊस परतला, आकाश स्वच्छ झाले, म्हणजे महिन्याच्या मध्यास धारदार सिकेटर घेऊन बसावे. प्रथम वाळक्या, रोगट, काडीसारख्या बारीक आणि परस्परांना घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. नंतर चार ते सहा सशक्त फांद्या ठेवून त्या जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर कापाव्यात. काप बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि किंचित तिरपा असावा. बाहेरच्या डोळ्यावर कापण्याचे कारण असे की, नवी फांदी बाहेर झुकून वाढते, झाडाचा मध्य मोकळा राहतो आणि तेथे ऊन-वारा पोचतो. कापलेल्या टोकांना मोरचूद व चुना यांचा लेप द्यावा, कारण आपल्याकडे फांदी शेंड्यापासून खाली काळी पडत जाण्याचा जो घातक रोग आहे, त्याचा शिरकाव बहुधा अशा उघड्या जखमेतूनच होतो. छाटणीपूर्वी आठवडाभर पाणी तोडून मुळांवरची माती उकरून ठेवण्याचा जुना दख्खनी दस्तूर पुष्कळांना ठाऊक असेल. जमिनीतल्या जुन्या, भक्कम झाडांना तो सोसतो, पण कुंडीतल्या व कोवळ्या झाडांवर त्याचा प्रयोग करू नये, आणि सर्वसाधारण गृहस्थाने तो न केला तरी काही बिघडत नाही. कोवळ्या हाताला निर्दय वाटणारी ही छाटणी चुकविली, तर झाड उंच, लुकडे व अल्पपुष्प होते. कारण गुलाबाचे उत्तम फूल नव्या, जोमदार फुटीवरच येते.

छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांत पहिला बहर येतो. या मुदतीत झाडाला जे द्यावे ते कारणी लागते. छाटणीबरोबर प्रत्येक आळ्यात घमेलेभर शेणखत व निंबोळी पेंड मिसळावी. फूट चार बोटे वाढली की शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस भिजवून, भरपूर पाण्यात पातळ करून, पंधरा दिवसांच्या अंतराने द्यावी, आणि कळी रंग दाखवू लागली की खत थांबवावे. विहिरीच्या चुनखडी पाण्यामुळे कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजून हिराकसाचे अगदी सौम्य द्रावण फवारावे. पाणी नेहमी मुळाशी द्यावे, सकाळी द्यावे, आणि वरची माती सुकल्यावर भरपूर द्यावे. रोज थोडेथोडे शिंपडल्याने मुळे वरच्या वर राहतात. फांदीच्या टोकावरील मुख्य कळीच्या बगलेत ज्या लहान कळ्या येतात, त्या मोहरीएवढ्या असतानाच नखाने खुडाव्यात, म्हणजे सारा जीवनरस एका फुलाकडे जातो. कोमेजलेले फूल झाडावर न ठेवता ते पाच पर्णिकांच्या पुष्ट पानाच्या वर कापून टाकावे; फळ धरू न दिल्याने झाड पुन्हा फुटते आणि पुढचा बहर लवकर येतो. अशा रीतीने ऑक्टोबर ते मार्च या काळात तीन बहर सहज पदरात पडतात.

उन्हाळा व पावसाळा हे ऋतू फुलांच्या अपेक्षेचे नसून झाड राखण्याचे आहेत. उन्हाळ्यात मुळांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पानांच्या पाठीवर लाल कोळ्यांचे सूक्ष्म जाळे दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने खालून धुवावीत, आणि जूनच्या आरंभी हलकी छाटणी करून झाड आटोपशीर करावे. वळवाचा पाऊस पडल्यावर रात्री हुमणीचे भुंगेरे पाने कुरतडतात. ते कंदिलाच्या उजेडात वेचून नाहीसे करणे हा उत्तम इलाज होय. पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांचे राज्य असते. या बुरशीचे बीज रुजण्यासाठी पान कित्येक तास ओले राहावे लागते, तेव्हा झाडाचा तळ मोकळा ठेवणे, गळलेली पाने रोज गोळा करून जाळणे आणि उघडीप मिळताच योग्य बुरशीनाशक फवारणे, याला पर्याय नाही. डिसेंबरात गार रात्रींबरोबर कोवळ्या पानांवर पांढरी भुरी येते, तिच्यावर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करावी, पण उन्हाच्या वेळी ती करू नये, कारण पाने भाजतात. फुलकिड्यांनी पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या तर कळी लहान असतानाच निंबोळी अर्क वापरावा. ज्या झाडांवर औषध मारले आहे त्यांच्या पाकळ्यांचा गुलकंद किंवा सरबत कदापि करू नये; ते काम देशी गुलाबाकडेच सोपवावे.

इतके परिश्रम केल्यावर त्या फुलाचा उपभोग घेण्याची रीतही जाणून घेतली पाहिजे, आणि या बाबतीत आपण फार उतावळे असतो असे मला मनापासून वाटते. हायब्रिड टी गुलाबाचे सौंदर्य एका क्षणाचे नसून अवस्थांचे आहे. हिरव्या निदलांतून रंगाची पहिली रेघ डोकावते तेव्हापासून पाकळ्या पूर्ण पसरून मध्य उघडा पडेपर्यंत थंडीत चार-पाच दिवस लागतात, आणि त्यांतला प्रत्येक दिवस वेगळा असतो. फूल अर्ध्यापासून पाऊणपर्यंत उमललेले असताना त्याचा आकार परिपूर्ण समजतात. प्रदर्शनातले परीक्षकही तीच अवस्था पाहतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत जे पुष्पप्रदर्शन भरते, तेथे एकेका बाटलीत ठेवलेल्या फुलांसमोर थोडा वेळ थांबून पाहिले, की मध्य उंच आहे की दुभंगलेला, पाकळ्यांचा वळसा अखंड आहे की तुटलेला, हे भेद डोळ्यांना आपोआप कळू लागतात. प्रदर्शनासाठी फुले पिकविणारे जाणकार तारखेपासून उलटे दिवस मोजून छाटणीचा मुहूर्त ठरवितात, यावरूनही या झाडाशी कालगणनेचा संबंध किती निकट आहे हे दिसून येईल.

सुगंधाची गोष्ट अशीच सूक्ष्म आहे. सकाळी, दव सुकता सुकता आणि ऊन तापण्यापूर्वी, फूल अर्धे उमललेले असताना सुगंध सर्वाधिक असतो. भर दुपारी वास घेऊन एखाद्या जातीला निर्गंध ठरविणे अन्यायाचे होईल. 1963 साली आलेला काळसर लाल ‘पापा मेयाँ’, त्याच वर्षीचा उंच वाढणारा गुलाबी ‘आयफेल टॉवर’ आणि 1977 सालचा ‘डबल डिलाइट’ हे सुवासाविषयी नावाजलेले आहेत. ‘डबल डिलाइट’ची आणखी एक मौज अशी की, त्याच्या सायीच्या रंगाच्या पाकळ्यांवर जसजसे ऊन पडते तसतशी कडांची लाली आत पसरत जाते, आणि एकाच झाडावर रोज निराळ्या रंगाची फुले दिसतात. जर्मनीतल्या टान्टाऊ याने 1960 मध्ये आणलेला ‘सुपर स्टार’ शेंदरी रंगाच्या अपूर्व झळाळीने गाजला, कारण तो रंग देणारे द्रव्य पूर्वीच्या हायब्रिड टी गुलाबांत अशा विपुलतेने नव्हते. निळ्या फुलांत जे रंगद्रव्य असते ते गुलाबाला मुळातच तयार करता येत नाही. म्हणून ‘ब्लू मून’ नाव असलेला गुलाबही प्रत्यक्षात फिका जांभळाच असतो, आणि निळ्या गुलाबाची रोपे म्हणून जो कोणी विकू पाहील त्याच्यावर विश्वास ठेवू नये. नवशिक्याने दणकट ‘ग्लॅडिएटर’, डौलदार गुलाबी ‘फर्स्ट प्राइझ’, सर्वपरिचित ‘पीस’ आणि एखादा सुगंधी लाल यांपासून आरंभ केला तर त्याचा उत्साह टिकून राहील.

फूल कापणे म्हणजे झाडावर अत्याचार, अशी काहींची भावना असते. वस्तुतः योग्य जागी कापलेले फूल ही झाडाला हलकी छाटणीच होय. पहाटे किंवा संध्याकाळी, बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या सैल झाल्यावर, खाली निदान दोन पुष्ट पाने झाडावर राहतील अशा बेताने फूल कापावे, दांडा लगेच खोल पाण्यात बुडवावा, पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत आणि रोज पाणी बदलून दांड्याचे टोक थोडे कापावे. म्हणजे ते चार-पाच दिवस ताजे राहते. या फुलाला फुलदाणीत गर्दी सोसत नाही. अरुंद तोंडाच्या पात्रात एकच फूल, त्याच्याच पानांसह ठेवावे.

ज्या घरात चार चौरस हात ऊन आहे, त्या घरात हा गुलाब होऊ शकतो, याविषयी वाचकांनी निःशंक असावे. पण आरंभी दहा-वीस रोपे आणून नंतर हताश होण्यापेक्षा दोनच रोपे आणावीत. ती येत्या हिवाळ्यात, रोपवाटिकेत फुललेली पाहून आणि जातीचे नाव विचारून आणावीत, त्या नावाची पट्टी कुंडीला बांधावी, आणि एका लहान वहीत छाटणीची, खताची व पहिल्या फुलाची तारीख टिपून ठेवावी. पुस्तकांतले सल्ले प्रांतोप्रांती बदलतात. आपल्या अंगणातली हवा, पाणी व माती यांविषयी खात्रीची माहिती या वहीतूनच मिळते. पुढच्या ऑक्टोबरच्या मध्यास ती वही उघडावी आणि सिकेटर हाती घ्यावे. ही एक तारीख ज्याने पाळली, त्याला गुलाब सहसा निराश करीत नाही.